आधी चौक, मग ट्रॅक

इंदूरमध्ये माझ्या वाटेवरच्या एका मोठ्या चौकात सकाळी साडेनऊच्या सुमारास सिग्नल लाल असतो, तेव्हा माझ्या सायकलशेजारी रोज दोन-तीन सायकली येऊन थांबतात. एक रंगकाम करणारा पोरगा, हँडलला जेवणाचा डबा आणि कॅरिअरला बांधलेली रिकामी बादली. एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ, खाकी पँट, कुठेतरी चौकीदार असावेत. आठवड्यातून तीन-चारदा एक बाई, पदर कमरेला खोचलेला, चार घरची कामं उरकायला निघालेल्या. नावं मला ठाऊक नाहीत, पण एखाद्या दिवशी कोणी दिसलं नाही की चुकल्यासारखं होतं.

सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच आमची परीक्षा सुरू होते, कारण त्या चौकात 'लेफ्ट फ्री' आहे, म्हणजे सिग्नल लाल असतानाही डावीकडे वळायची मोकळीक. सायकलवाल्याने रस्त्याच्या डाव्या कडेने जावं, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण चौकात डावी कड असते डावीकडे वळणाऱ्या गाड्यांची, आणि आम्हाला जायचं असतं सरळ. कडेला उभं राहिलं की मागून हॉर्न, 'लेफ्ट खाली करो!' उजवीकडे सरकलं तर सरळ जाणाऱ्या बस-मोटारींच्या मधोमध. हिरवा दिवा लागल्यावर आमच्या पायडलला जोर येईपर्यंत मागच्या दहा गाड्या आमच्या पुढून डावीकडे निघून गेलेल्या असतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका वळणाऱ्या व्हॅनचा मागचा कोपरा माझ्या हँडलला लागला. गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, हे मला तेव्हा कळलं. तोंड पुढे निघून गेलं म्हणून मी सुटले असं वाटलं आणि पाठीमागच्या भागाने मला खाली घेतलं. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. व्हॅनवाला पळाला नाही. त्याने पाणी आणून दिलं, मला रिक्षात बसवलं, आणि सारखं एकच म्हणत होता, 'आंटीजी, आप दिखी ही नहीं.' तो खोटं बोलत नव्हता असं मला आजही वाटतं. त्या चौकाचा कोपरा इतका ऐसपैस गोल केलेला आहे की वळताना ब्रेकवर पाय ठेवायची गरजच पडत नाही. नजर असते उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर. डाव्या हाताला चाळीस-पन्नास किलो वजनाची एक बाई सायकलवर असेल, हे त्याला चौकाने सांगितलंच नाही.

म्हणून सायकलीबद्दल बोलताना मी सुरुवात चौकापासून करते. आपल्या इंदूरमध्ये हा विषय निघाला की बोलणं थेट सायकल ट्रॅकवर जातं. सुपर कॉरिडॉरला ट्रॅक करा, बायपासला करा, रविवारी सकाळी रस्ता बंद ठेवा. रविवारी हेल्मेट घालून चाळीस किलोमीटर जाऊन येणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. पण त्यांच्या सोयीने सगळी आखणी केली तर सोमवारी सकाळी कामाला निघणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? त्याला चाळीस किलोमीटर जायचंच नसतं. लोकमान्यनगर ते गीता भवन, पाटनीपुरा ते पोलोग्राउंड, भंवरकुआँ ते राजवाडा, अशी त्याची धाव तीन ते सात किलोमीटरची. पंचवीस-तीस मिनिटं. मालव्याचं पठार, मोठे चढ नाहीत. एवढ्याशा अंतरात त्याला ज्याची भीती वाटते ते पाच-सहा चौक असतात, मधला रस्ता नव्हे.

हे लोक थोडे आहेत म्हणून दुर्लक्ष होतं, असंही नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच शेतीबाहेरच्या कामगारांना विचारलं गेलं की कामावर कसे जाता. देशात जवळजवळ तेरा टक्के लोकांनी सायकल सांगितली. मोटरसायकल-स्कूटरवाल्यांचा आकडाही साधारण तेवढाच होता. त्यानंतर दुचाक्या खूप वाढल्या हे डोळ्यांना दिसतंच. पण आपल्या रस्त्यांवर ज्यांना किंमत आहे त्या दुचाकीवाल्यांइतकेच सायकलवाले नुकतेच इथे होते, ही गोष्ट आपण फारच लवकर विसरलो.

विसरण्याचं एक कारण मोजणीतच आहे. रस्त्यावरची रहदारी मोजताना अभियंते जे एकक वापरतात त्याला पीसीयू म्हणतात, म्हणजे प्रवासी मोटारीचं एकक. मोटार म्हणजे एक. सायकल म्हणजे त्याचा अर्धा, किंवा अर्ध्याहूनही कमी भाग. मोटारीत एकटा माणूस बसलेला असो की पाच, ती एकच. आणि सायकलवर एक आख्खा माणूस असूनही तो मोटारीचा एक अपूर्णांक. रस्त्याची क्षमता काढायला हे माप सोयीचं असेल, पण त्यावरून कोणासाठी काय बांधायचं हे ठरवू लागलो की गणितातून माणूसच गळतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलं आहे की वाहनं हलवण्यापेक्षा माणसं हलवण्याला महत्त्व द्यायचं. त्या धोरणाला आता जवळपास दोन दशकं झाली. माझी पहिली मागणी म्हणूनच फार साधी आहे. कोणत्याही चौकाचं काम काढण्याआधी तिथून सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास किती सायकली जातात ते माणूस बसवून मोजा, आणि तो आकडा फलकावर लावा.

इंदूरला सायकल शिकवावी लागेल असं बोलणाऱ्यांना मी माझ्या आजोबांची गोष्ट सांगते. ते एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होते. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी, एवढ्या मिलांचं हे गाव. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा आणि परदेशीपुऱ्याच्या गल्ल्यांमध्ये जिरून जायचा. आजोबा म्हणायचे, भोंग्याच्या आधी घंट्या ऐकू यायच्या. दर पगाराला ते सायकल ओव्हरहॉलिंगला टाकायचे; छर्रे बदलून, रिमचा आउट काढून, चेनला तेल देऊन ती परत आली की मलाच आधी एक चक्कर मिळायची. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली. तिथल्या कामगारांना हक्काचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येक जण गेले होते. त्या माणसांच्या सायकली पण हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. त्या काळच्या रस्त्याला ट्रॅक नव्हता. वेग नव्हता, म्हणून सायकल चालत होती.

वेगाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तीस किलोमीटरने येणारी गाडी आणि साठने येणारी गाडी यांत सायकलवाल्यासाठी फरक दुपटीचा नसतो, घरी परतण्याचा आणि न परतण्याचा असतो.

मग चौकात करायचं काय? इथे मला आपल्याच शहराच्या इतिहासातलं एक पान आठवतं. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने बोलावलं होतं, आणि १९१८ मध्ये त्यांनी इंदूरच्या आखणीचा दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या वस्त्यांमधून सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरांच्या रांगाच्या रांगा पाडायच्या, ही त्या काळची रीत त्यांना मान्य नव्हती. इथे एक पडकी भिंत काढा, तिथे एक कोपरा मोकळा करा, छोट्या चौकात झाड लावा, बाकीचं सांभाळा. राखून केलेली शस्त्रक्रिया, असा त्यांचा आग्रह. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, आणि ती नेहमीच्या वाटेने न नेता ज्या मोहल्ल्यांनी आपली गल्ली स्वच्छ केली त्यांच्याच दारावरून नेली. शंभर वर्षांनी स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर ते हेच. मला त्या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावाच्या वाटतात: मोठं पाडकाम न करता रोजचं वागणं बदलणं.

चौकाचीही अशीच राखून शस्त्रक्रिया करता येते. गोल केलेला कोपरा थोडा पुढे काढून काटकोनाच्या जवळ आणला की डावीकडे वळणाऱ्याला गाडी हळू करावीच लागते. त्यासाठी पोलीस लागत नाही, पावती लागत नाही. 'लेफ्ट फ्री'चा फाटा ठेवायचाच असेल तर त्या फाट्यावरचं पायी ओलांडायचं ठिकाण फुटपाथच्या उंचीला आणा, म्हणजे गाडी सपाट उंचवट्यावर चढते आणि माणूस खाली उतरत नाही. सायकलींची थांबरेषा बाकी गाड्यांच्या तीन-चार मीटर पुढे आखा. आम्ही पुढे उभे राहिलो तर आम्ही दिसू. सिग्नलमध्ये सायकल आणि पायी चालणाऱ्यांना पाच सेकंद आधी सोडा. चुना, काँक्रीट, कडेचे दगड आणि दोन रात्रींचं काम, एवढाच हा खर्च. एका उड्डाणपुलाच्या पैशात शहरातले सगळे चौक असे होतील आणि वर उरेल.

आणि जाळ्या. पावसाचं पाणी जायला रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी बसवतात. तिचे गज रस्त्याच्या दिशेने उभे असले की सायकलचं पुढचं चाक बरोबर दोन गजांच्या फटीत जातं. तीच जाळी उचलून आडवी फिरवली की काम झालं. छावनीच्या पुढे अशी एक जाळी मी कित्येक महिने चुकवत होते. एक दिवस रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा मिस्त्रीला थांबवून दाखवलं. त्याने दोन पोरांना हाक मारली, सब्बल घातली, जाळी फिरवली. पाच मिनिटंही लागली नाहीत. 'पहले किसी ने बोला ही नहीं,' तो म्हणाला. या वाक्याचं मला फार वाईट वाटलं. जे बोलू शकतात ते त्या कडेने जात नाहीत, आणि जे त्या कडेने जातात त्यांचं म्हणणं कोणत्याच बैठकीत पोचत नाही.

ट्रॅकला माझा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. ट्रॅक हवेत, पण जोडलेले. आपल्याकडे ट्रॅक सुरू होतो तो रुंद रस्त्यावर, जिथे फारशी भीती नसते, आणि चौकापाशी पोचला की नाहीसा होतो. मध्ये त्यावर मोटारी लागतात, हातगाड्या उभ्या राहतात, आणि मग वर्षभराने म्हणतात की बघा, वापरतंय कोण! स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर चारेक वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे ट्रॅक केले. खरी गोष्ट लांबीची नव्हती. ते एकमेकांना जोडलेले होते, गाड्यांपासून दगडी कडेने वेगळे केलेले होते, आणि चौकातून आरपार जात होते. जिथे शंभरातली एक फेरीसुद्धा सायकलने होत नव्हती, तिथे सहाच्या आसपास होऊ लागल्या. लोकांना आधी समजावलं आणि मग ट्रॅक केले, असं झालं नाही. इंदूरला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय भाषणांनी लागली का? रोज सकाळी ठरल्या वेळेला गाणं वाजवत पिवळी गाडी दारात आली, म्हणून लागली.

सेव्हिलचं नाव घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे ऊन. 'इंदूरच्या मे महिन्यात सायकल? भलतंच काहीतरी!' असं मला माझी मोठी वहिनी दरवर्षी सुनावते. तिथेही उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ऊन खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. पण सकाळी नऊला निघणारा आणि संध्याकाळी सहानंतर परतणारा माणूस भर दुपारी रस्त्यावर नसतो, आणि सिग्नलला तापलेल्या इंजिनावर बसलेल्या स्कूटरवाल्यालाही ते ऊन तेवढंच लागतं. दोघांनाही हवी असते ती सावली. जुलै २०२४ मध्ये आपण रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लावली आणि जागतिक विक्रम केला. त्या टेकडीवर झाडं वाढोत, मला आनंदच आहे. पण रस्ता रुंद करताना महूनाक्याकडची असो की एमजी रोडची असो, एक जुनी चिंच पडते तेव्हा तिची सावली रेवती रेंजवरून परत आणता येत नाही. सायकलवाल्यासाठी ते झाड म्हणजे विसाव्याचा टप्पा असतो. कडेची झाडं राखून रस्ता आखणं हे सायकलीचंच काम आहे, असं मी धरून चालते.

आता एबी रोडचं, म्हणजे शहराच्या मधून जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्याचं बघा. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटरचा बसचा वेगळा मार्ग २०१३ पासून होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढायची वाट मोकळी केली. मला व्यक्तिशः वाईट वाटलं; पावसाळ्यात सायकल घरी ठेवून मी त्याच बसने जायचे आणि भंवरकुआँला उतरणारी किती मुलं-मुली त्या बसवर अवलंबून होती हे रोज बघायचे. झालं ते झालं. पण मधली जी रुंदी मोकळी होते ती सगळी मोटारींनाच द्यायची असं कोणी ठरवलं? गर्दीच्या रस्त्याला आणखी एक पट्टा दिला की थोड्या दिवसांत तोही भरतो, हे आपण या शहरात प्रत्येक रुंदीकरणानंतर पाहिलं आहे. दोन्ही कडांना दोन-दोन मीटर, दगडी कडेने वेगळे केलेले, गीता भवन, पलासिया, विजयनगरच्या चौकातून न तुटता जाणारे, एवढं जरी सायकलींना मिळालं तरी शहराच्या कण्यावरच सायकलीची वाट होईल. त्या एका रस्त्याला शाळा, कोचिंग, दवाखाने, दुकानं, कचेऱ्या सगळं लागून आहे.

भंवरकुआँच्या मुलींवरून एक सांगायचं राहिलं. मध्य प्रदेश सरकार खेड्यातल्या, शाळा लांब असलेल्या सहावी-नववीच्या मुलामुलींना सायकल फुकट देतं. त्या सायकलने कितीतरी मुलींची शाळा टिकली. त्याच मुली पुढे स्पर्धा परीक्षेच्या तयारीला इंदूरला येतात, आणि सायकल गावाला भावाकडे राहते. माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला मी विचारलं, का गं आणली नाहीस? ती म्हणाली, 'काकू, गावाकडे रस्ता खराब होता पण भीती नव्हती वाटत.' महिन्याला रिक्षा आणि बसवर तिचे जे पैसे जातात त्यात तिची दोन पुस्तकं येतील.

आणि सायकल ठेवायची कुठे? एका मोठ्या व्यापारी इमारतीत मला महिन्यातून एकदा कामाला जावं लागतं. तिथल्या रखवालदाराने मला तळघरात जाऊ दिलं नाही, 'साइकिल का नहीं है, मैडम.' शेवटी जनरेटरमागे, पाणी ठिबकतं तिथे ठेवली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला वरून तसंच सांगितलेलं. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात. नव्या इमारतीला परवानगी देताना मोटारींच्या पार्किंगचा हिशेब काटेकोर मागतात. त्याच कागदावर सायकल स्टँडची एक ओळ घाला, आणि तो स्टँड दाराजवळ, छपराखाली, फ्रेमला कुलूप लावता येईल असा असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, चांगलंच झालं. पण सायकल घेणारा आधी विचारतो ती चोरीला जाईल का.

२२ सप्टेंबर २०२३ ला इंदूरने 'नो कार डे' पाळला. त्या दिवशी रस्त्यावरची हवा वेगळी होती, लोकांनी मनापासून साथ दिली. या शहराला एखादी गोष्ट मनावर घेतली की करता येते, हे मी कोणाला पटवून द्यायची गरज नाही. म्हणून मी एका दिवसाऐवजी एक चौक मागते. महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी मिळून एक चौक निवडावा, आधी सायकली मोजाव्यात, वर सांगितलेले बदल करावेत, सहा महिन्यांनी पुन्हा मोजाव्यात. गाड्या तुंबल्या, तर मी मान्य करीन. माझी खात्री आहे की सायकलीबरोबर पायी शाळेत जाणारी मुलंही वाढलेली दिसतील. मग दुसरा चौक घ्यावा.

प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा त्याच वाटेने जाऊ लागले, तेव्हा त्या कामाला जाणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा माझ्याशी बोलायला सुरुवात केली. त्यांनीच सुचवलं की वेगवेगळं उभं राहू नये. आता आम्ही सिग्नलला एकमेकांना चिकटून थांबतो, पुढे चौकीदार काका, मागे रंगवाला पोरगा, मध्ये आम्ही दोघी. चौघं एकदम निघालो की डावीकडे वळणाऱ्याला दिसतो, आणि तो थांबतो. ज्या दिवशी कोणी सुट्टीवर असतं, त्या दिवशी गाड्या पुन्हा आमच्या पुढून वळून जातात.